मोटरच्या पोटात पाणी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या बचाव पथकाची बोट अधूनमधून सरावासाठी धरणात उतरते. सराव संपला की काठावर चहा होतो आणि चहाबरोबर जुन्या गोष्टी निघतात. त्यातल्या निम्म्या बोटीच्या मागे लावलेल्या मोटरच्या असतात, आणि मोटरच्या गोष्टी म्हणजे वंदनाताईंच्या. ताईंचं आर्णीत पंप आणि फवारणी यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. पथकात त्या मोटर सांभाळतात, मी बोट चालवतो, आणि देवरावभाऊ पाणी ओळखतात. त्यांचा जन्म मासेमारीत गेला.

*

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मोटर नुसती घरघर करत होती. त्यांनी खालच्या टोकाला, पंख्याजवळ असलेल्या गिअरच्या डब्याचा तळाचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आलं, मग ऑइल. दूध घातलेल्या कॉफीसारखं!

"पाणी आत गेलं," ताई म्हणाल्या.

मला घाई होती. "नवीन ऑइल टाकून द्या ना ताई. दुपारी सराव आहे."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "भाऊ, लेकराले जुलाब लागले तं नुसती चड्डी बदलून भागते काय?"

सराव रद्द झाला.

*

आता पाणी शिरलं कुठून? ताईंनी डबा रिकामा केला, स्क्रूच्या भोकातून सायकलच्या पंपाने बेताची हवा भरली आणि मोटरचा खालचा भाग गुरांच्या हौदात बुडवला. ट्यूबचं पंक्चर शोधतात, अगदी तसं. पंख्याच्या मुळाशी बुडबुडे आले.

पंखा काढला. आतल्या दांड्याला नायलॉनचा धागा करकचून गुंडाळलेला, आणि त्याने रबरी सील कापून टाकलेलं. ताईंनी धागा चिमट्याने सोडवून हौदाच्या काठावर ठेवला. देवरावभाऊंनी तो उचलला, उजेडात धरला, बोटांनी चाचपला.

"हा तं माह्या जाळ्याचा आहे."

"माणसाएवढा मासा जाळं तोडून गेला म्हणत होते ना तुमी?" ताई म्हणाल्या. "हा घ्या, सापडला."

*

नंतर एकदा बोटीभोवती पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला. मी म्हटलं, गेलं सील पुन्हा.

ताईंनी आधी मोटर काढायला लावली, कोरडी पुसली, पाण्याबाहेर राहणाऱ्या भागावर, तेल गळलं तर डाग दिसावा म्हणून, अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये चालवून पाहिली. पावडर कोरडीच, ड्रममधलं पाणीही नितळ.

मग त्या काठाकाठाने तवंगाच्या मागे निघाल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या त्या कोपरापर्यंत डिझेलने माखलेल्या, आणि हातातल्या पिशवीत तुरीच्या शेंगा.

"कुठं गेलत्या ताई?" मी विचारलं.

"तिकडं एका शेतकऱ्याचं डिझेल इंजिन गळून राह्यलं होतं. त्याचा वॉशर बदलून आली." शेंगा आमच्यापुढे ओतत म्हणाल्या, "आपल्या मोटरची माफी मागा आता."

*

आणि तो पुराचा दिवस. नदीपलीकडच्या शेतातल्या घराच्या छपरावर एक कुटुंब अडकलं होतं: नवरा, बायको, दोन लेकरं आणि आजी. पाचही जणांना बोटीत घेतलं. अर्ध्या वाटेत मोटरने दोनदा ठसका दिला आणि बंद पडली. बोट प्रवाहात आडवी झाली.

देवरावभाऊंनी पाण्यातून डोकं काढलेल्या बाभळीची फांदी धरली. काट्यांनी हातातून रक्त यायला लागलं, पण त्यांनी फांदी सोडली नाही. "ताई, पाहा लवकर," एवढंच म्हणाले.

ताईंनी पाण्याची बाटली रिकामी करून पुसली आणि पेट्रोलच्या नळीतून तिच्यात थोडं पेट्रोल सोडलं. बाटली स्थिर धरली. आतल्या द्रवाचे दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली पाणी. पेट्रोलच्या कॅनच्या सैल झाकणातून पावसाचं पाणी आत गेलं होतं.

बोटीत पेट्रोलचा एक छोटा बंद कॅन जादा होता. ताईंनी नळी त्याला जोडली, कार्बोरेटरखालचा स्क्रू सोडून आतलं पाणी वाहू दिलं, पुन्हा आवळला. लेकरं रडत होती. दोरीच्या तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली, आणि ती काठ येईपर्यंत अडखळली नाही.

काठावर उतरल्यावर देवरावभाऊंच्या हाताला पट्टी बांधता बांधता मी पाहिलं, आजी ताईंसमोर उभी होती.

"काय झालतं वं बाई त्या मशीनले?"

"पेट्रोलमध्ये पाणी गेलं होतं आजी."

आजीने मागे वळून नदीकडे पाहिलं. या काठापासून त्या काठापर्यंत सगळं गढूळ पाणीच पाणी.

"एवढी जागा होती त्याले," ती म्हणाली, "मंग त्याच्यातच काहून गेलं?"