देवळाबाहेरचा प्रसाद

देवी खरंच कोणाचं ऐकते का, असा सवाल माझ्या मनात एकदाच उठला, आणि तो तिच्या दारातच उठला. मी आंधळगावचा विणकर. दोन-चार बुकं शिकलो आणि मागावर बसलो. देवी सोडून कोणापुढे मान लववायची मला सवय नाही. म्हणून हे लिहायला जड जातं.

माझी थोरली मुलगी वच्छला लाखांदूरकडे धानवाल्यांच्या घरी दिली होती. कामाची, हसरी पोर. पण दर महिन्यात काही दिवस ती तिची राहत नसे. एवढ्या तेवढ्यावरून रडायची, सासूच्या अंगावर भांडं फेकायची, मले मरू द्या म्हणायची. मग आपोआप निवळायची आणि सगळ्यांचे पाय धरायची. एकदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. तेव्हा जावई तिला एसटीने आणून माझ्या ओट्यावर सोडून गेला. अंगावर पिणारं लेकरू त्यांनी तिकडेच ठेवून घेतलं. "मामाजी, इचं भूत उतरलं का घेऊन जाईन," एवढंच बोलला आणि पाणीही न पिता निघून गेला.

भूतच असेल, असं मलाही वाटलं. आमच्यात दुसरं काय वाटणार? लिंबू झाले, गंडे झाले, धुऱ्या झाल्या. कोणी सांगितलं, जंगलाच्या कडेला टेकडीवर देवीमायचं ठाणं आहे, तिथे मंगळवार धरा. आम्ही धरले. कधी पोर खुशीत पायऱ्या चढायची, तेव्हा मला वाटायचं, मायनं ऐकलं. पुढच्या खेपेला तीच पोर दगडासारखी बसून राहायची. मी हट्टी माणूस, मंगळवार सोडला नाही.

धरलेल्यांतला शेवटचा मंगळवार होता. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर तिनं आईच्या कानात काही सांगितलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "इले आता वर नेता येत नाई." मी समजलो. पाळी आली, म्हणजे देऊळ बंद. खाली मोहाचं एक झाड होतं. वाटेत अशी अडचण आलेल्या बायका तिथे सावलीत बसत. वच्छला तिकडे गेली. मी थोडं दूर पाठ करून उभा राहिलो आणि मनात मायला म्हणालो, तुझ्या दारात आणली, आन् तूच हाकलली. आता कोणाच्या दारात नेऊ?

झाडाखाली एक पोक्त बाई आधीच बसली होती. तिचा आवाज आला, "काय वं, तुले बी मायनं पायरीवरच पकडलं?" आणि माझी पोर हसली. कित्येक दिवसांनी हसली. बाईनं विचारलं, "आता हलकं वाटून राह्यलं न? काल जीव नको वाटे?"

"तुमाले कसं माईत?"

"मले बी तसंच होये. पाळी येवस्तोर जीव खाते, आली का सुटते. लोकं म्हनत, भूत हाये. मी म्हनलं, भूत काय पाळी पाहून येते का वं?"

मग तिनं माझ्या बायकोला जवळ बोलावून सांगितलं. ते दिवस ओळखून ठेवा, त्या दिवसांत हिला एकटी सोडू नका, कोणाशी भांडू देऊ नका, झोपू द्या. आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, तिला लाज सोडून सांगा. पुरुषानं ऐकायच्या या गोष्टी नव्हेत. माझे कान तापले, पण पाय तिथून हलले नाहीत.

पुढच्या महिन्यात पाहिलं, तर खरंच तसं झालं. डॉक्टरबाईही तेच बोलल्या. हा आजार आहे, वेड नाही, गोळ्यांनी कमी होईल, पण समूळ जाईलच असं नाही. मग आम्ही त्या दिवसांपुरती घराची रीतच बदलली. मागाची खटखट तिच्या डोक्यात जायची, म्हणून मी माग बंद ठेवून आमच्या परसातल्या विहिरीकडच्या दारात बसू लागलो. शेजारी हसायचे, "बुढा लेकीच्या पाळीची सुटी घेते." हसू दिलं.

मग मी लाखांदूरला गेलो. व्याह्यांच्या अंगणात, चार माणसांत, जे बापानं कधी तोंडावर आणू नये ते सांगितलं. व्याही म्हणाले, "बाईमान्साच्या गोष्टी आमाले नोका सांगू. भूत उतरलं म्हना, आजच आनतो तिले." एक खोटा शब्द बोललो असतो तर पोर तिच्या लेकराजवळ गेली असती. रस्ताभर तोच शब्द माझ्या जिभेवर होता. घरी येऊन वच्छलालाच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, खोटं सांगून गेली तं तिकडं माह्याजवळ कोन बसन?" त्या दिवशी तिनं जगायचं ठरवलं, आणि लेकरू सोडलं. जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली.

मोहाखालची ती बाई पुन्हा दिसली नाही. माझी बायको म्हणते, ती मायच होती. मी वाद घालत नाही. बाई असेल, माय असेल. आत जाऊन जे मागत होतो ते मिळालं नाही, बाहेर जे मिळालं ते मागायची मला अक्कल नव्हती. आधी मी म्हणायचो, माय, हे काढून टाक. आता म्हणतो, माय, ते दिवस येतील, मला बसायचं बळ दे.

नातू आता शाळेत जातो. दिवाळीला कधी लाखांदूरहून कोणी त्याला घेऊन येतं. आई म्हणून त्याला दुसरीच माहीत, वच्छलाला तो मावशी म्हणतो. आतून हाक येते, "मावशी, पानी दे वं." ती "आली बाबू" म्हणते आणि डोळे पुसून तांब्या उचलते. त्याच्या हाकेला ओ द्यायला ती आहे. एवढ्यासाठी मी मायपुढे रोज डोकं टेकवतो.