कायमचे कुरळे

माझ्या नणंदेचे, ताईंचे, केस केमोनंतर पुन्हा आले ते कुरळे आले. त्याआधी उभ्या आयुष्यात त्यांचा एक केस वळला नव्हता. तेल लावून अंबाडा घातला की दिवसभर बट हलायची नाही. डिंडोलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर चालवते. उपचारांच्या काळात त्या आमच्याकडेच होत्या, आणि केस झडायला लागले तेव्हा मीच मशीन फिरवून त्यांचं डोकं मोकळं केलं होतं. त्यामुळे नवे केस आले तेही आधी माझ्याच हाताला लागले. आधी नुसती लव, मग मऊ, बारीक वळणं.

ताईंना ते केस इतके आवडले की विचारू नका. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला, आपल्या घरी परत गेल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून घेणं सोडलं. त्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. तिथल्या बायका म्हणाल्या, ही कोण नवीन बाई आली? ते त्यांनी मला फोन करून सांगितलं, पुन्हा भेटल्यावर सांगितलं, आणि माझ्या गिऱ्हाइकांसमोर तिसऱ्यांदा सांगितलं.

वर्षभराने मुळाशी सरळ केस दिसायला लागले. असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते फक्त मी ऐकलं होतं बहुतेक.

एका दुपारी ताई आल्या, खुर्चीत बसल्या आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, माझे ते केस परत कर."

"कसे करू? ते आपोआप आले होते."

"पर्मिंग असतं ना. कायमचे कुरळे होतात. तू शिकलीस की."

शिकले होते, खरं आहे. मी क्लास केला तेव्हा लग्नाआधी पर्मिंग करून घेणाऱ्या मुली अजून यायच्या. नंतर सगळ्यांना सरळ केस हवे झाले. इतकी वर्षं मी लोकांचे कुरळे केस ताठ करत आले आणि आता घरचीच बाई उलटं मागत होती. मी त्यांना समजावलं की परमनंट म्हणजे कायमचं नव्हे.

"मग नाव तसं का ठेवलंय?"

आमच्या क्लासच्या बाईंनी जे शिकवलं होतं तेच मी त्यांना सांगितलं. पूर्वी युरोपात बायका तापवलेल्या चिमट्याने केस वळवून घ्यायच्या. डोकं धुतलं की सगळी मेहनत पाण्यात. मग एका केशकाराने यंत्र काढलं. वरून तारा लोंबायच्या, तारांच्या टोकाला पितळेचे गरम रॉड, त्यांवर केस गुंडाळून बाईने तासन्‌तास मान ताठ धरून बसायचं. पहिला प्रयोग त्याने स्वतःच्या बायकोवर केला आणि तिचे केस जाळले, असं बाई सांगायच्या. पुढे गरम यंत्र गेलं आणि औषध आलं. औषधाने केसाच्या आतले जोड सैल होतात, रॉडवरच्या वळणात केस बसतो, मग दुसऱ्या औषधाने ते वळण पक्कं होतं. धुतल्यावर जात नाही म्हणून परमनंट. डोक्यातून जो नवा केस उगवतो तो आपला जसा असेल तसाच उगवतो.

ताईंनी सगळं ऐकलं. "आणि त्या बायकोचं काय झालं?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही. बाईंनी सांगितलं नव्हतं."

"बघ. तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. तू करणार आहेस की नाही?"

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारते. पुढच्या तपासणीला मी मुद्दाम सोबत गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "इतकं सगळं झाल्यावर तुम्ही केसांचं विचारताय?" म्हणाले. मग डोकं तपासून, कातडीला जखम नाही, करायचं तर करा, पण औषध टाळूला लागू देऊ नका, असं सांगितलं. बाहेर येऊन ताई खूश. बोलणी मी खाल्ली होती, खूश त्या.

खरी डोकेदुखी पुढेच होती. औषध कुठेच मिळेना. पार्लरचं सामान विकणाऱ्या एकेका दुकानात मी जायचे, आणि प्रत्येक जण केस सरळ करायच्या क्रीमचे डबे माझ्यापुढे मांडायचा. एक गुजराती दुकानदार म्हणाला, "बेन, ए माल हवे कोई नथी मांगतु." मी म्हटलं, मी मागतेय ना. तर म्हणे हीच क्रीम लावा आणि रॉडवर गुंडाळा, आतलं औषध एकच असतं. तो अगदीच खोटं बोलत नव्हता, याचाच जास्त राग आला. पण घट्ट, जोरकस क्रीम ताईंच्या त्या बाळकेसांवर लावायची माझी छाती झाली नसती. दुसऱ्या एकाने धूळ झटकून एक खोका दिला. घरी येऊन पाहते तर मुदत केव्हाच संपलेली. शेवटी कंपन्यांचा माल घेऊन दारोदार फिरणारा एक माणूस माझ्याकडे येतो, त्याच्यामागे लागून मुंबईहून सौम्य औषध मागवलं. माझे जुने रॉड माळ्यावरून काढले, तर सगळ्यांची रबरं ताणली की तुटत होती. तीही नवी आणली.

इतकं झाल्यावर एका रविवारी ताईंना बसवलं. आधी एका बटेवर करून पाहिलं, ठीक वाटलं. मग पूर्ण डोकं. औषधाचा वास घरभर झाला, कुजक्या अंड्यासारखा. आतल्या खोलीतून माझ्या सासूबाई, म्हणजे ताईंच्या आई, नाकाला पदर लावून आल्या.

"देवनी केस दिधात ना, आते कसाले जोयजे हाई?" सासूबाई घरात अहिराणीच बोलतात.

"आई, तू आत जा," ताई म्हणाल्या.

रॉड सोडले तेव्हा केस छान वळले होते. मी चार-चारदा बजावलं, दोन दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही. वळण पक्कं बसायला वेळ लागतो. हो हो, म्हणाल्या. मग मी बाजारात गेले. परत येते तर ताई ओलं डोकं टॉवेलने पुसत ओसरीवर बसलेल्या. या वासात देवापाशी यायचं नाही, असं त्यांच्या आईने म्हटलं म्हणून चांगला साबण लावून न्हाल्या होत्या. केस वाळले आणि वळणं ढिली पडली. कपाळावर दोन-तीन बटा वाकड्या राहिल्या, बाकी सगळं झोपेतून उठल्यासारखं.

"तुझं औषधच हलकं होतं," ताई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. दुकानं, डॉक्टरांची बोलणी, माळा, सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "मी सांगितलेलं एक ऐकायचं नाही आणि वर औषधाला नावं ठेवायची. मला काय देवाने यासाठीच ठेवलंय का? केसच आहेत ना शेवटी. जीव वाचला, ते पुरे नाही का?"

शेवटचं वाक्य ऐकून सासूबाई आत निघून गेल्या.

ताई टॉवेलची घडी घालत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात. पण वहिनी, ते केस आले तेव्हा आरशात दुसरीच बाई दिसायची. मला वाटायचं, आजार झाला तो आधीच्या बाईला. ती गेली, मी वेगळी. आता सरळ केस यायला लागले आणि तीच परत दिसते. मला रोज भीती वाटते."

मी चहा टाकायला आत गेले.

लगेच पुन्हा करता येत नाही, केस तुटतात. म्हणून थांबलो. दर आठवड्याला "आता करू?" आणि "अजून नाही" असं फोनवर चालायचं. मग बारीक रॉड घेऊन पुन्हा केलं. या वेळी त्यांना दोन दिवस घरी ठेवून मी राखण केली, सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवलं. वळणं टिकली. पण ती एकसारखी, घट्ट, स्प्रिंगसारखी होती. आजारानंतर आलेली तशी नव्हती.

ताईंनी बराच वेळ पाहिलं. "हे ते नाहीत."

"नाहीत."

तरी त्यांनी ते मिरवले. आणि मुळाशी बोटभर सरळ केस आले की पुन्हा येऊन बसायच्या. असं मी आणखी दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. केस कोरडे पडले होते, कंगव्यात तुकडे येत होते. त्या रागावून गेल्या आणि कतारगामच्या कुठल्या तरी पार्लरमध्ये करून आल्या. तिथे कोणी काही विचारलं नसावं. महिन्याभरात मानेवरचे केस झाडूसारखे होऊन तुटायला लागले. ते बघून मला रडू यायचं की संताप, तेच कळेना. मी त्यांच्यावर चिडले, त्या पार्लरवालीवर चिडले, आणि सगळ्यात जास्त 'परमनंट' या शब्दावर चिडले. ज्याने ठेवलं असेल हे नाव, त्याच्या घरात कोणी आजारी पडलं नसावं.

गेल्या महिन्यात त्या स्वतःच आल्या. "काप," म्हणाल्या.

"कुठपर्यंत?"

"तुटलेलं सगळं जाईल तिथपर्यंत."

मी कात्री चालवली. वळणाचे तुकडे फरशीवर पडत गेले आणि डोक्यावर मुलासारखे बारीक, सरळ केस राहिले. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा आरशात पाहिलं, हात मागून पुढे एकदा फिरवला आणि उठल्या. चहाही घेतला नाही.

चार दिवसांनी त्यांची तपासणी होती. माझ्याकडे नवरीचं गिऱ्हाईक होतं म्हणून मला जाता आलं नाही. दुपारी हॉस्पिटलच्या फाटकातून फोन आला.

"वहिनी, मागे मानेवर डावीकडे जास्त लांब राहिलेत. रविवारी येते, नीट कर."

"ताई, आधी रिपोर्ट सांगा."

"तो ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण डावी बाजू खरंच लांब आहे. इथल्या नर्सनेही सांगितलं."