कोबाल्टचा साबण

आमच्या यजमानांना देवानं हात चांगला दिला होता, धीर द्यायचा मात्र तो विसरला. चहा निवायच्या आत पिऊन जीभ भाजून घ्यायची आणि खापर माझ्यावर फोडायचं. अशा माणसानं कोल्हापुरात बसून तैलचित्रं काढायचं मनावर घेतलं, तेही पावसाळ्यात. आमच्याकडच्या पावसात दोरीवरचं धोतर वाळत नाही, तिथं रंगातलं जवसाचं तेल काय वाळणार?

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. यांच्या मुरगूडच्या आत्याबाईंनी नवं घर बांधलं होतं. आतोबा ऐन तारुण्यात गेलेले. त्यांचा लग्नातला एकच फोटो उरला होता, तोही बोटाएवढा. त्यावरून मोठं चित्र करून वास्तुशांतीला सोप्यात लावायचं, एवढी एकच इच्छा त्या बाईनं आम्हाला कधी बोलून दाखवली होती.

चित्र सुरेख उतरलं. पण वास्तुशांत तोंडावर आली तरी चेहरा ओलाच आणि त्यावरचा शेवटचा हात अजून राहिलेला. यांनी रंग लवकर वाळवणाऱ्या ड्रायरची बाटली काढली. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळं गप्प बसवेना. म्हटलं, हाही एक साबणच, फक्त सोड्याच्या जागी कोबाल्ट. त्याच्यामुळं तेल हवा भराभर ओढून घेतं आणि वाळतं, पण तो थेंबानं घालायचा असतो. साबण न्हाणीघरात शोभतो, असं मला ऐकवून यांनी बाटली रंगात जवळजवळ उपडी केली आणि चांगला जाड हात दिला.

सकाळी बघतो तर रंग वरून कोरडा, आत कच्चा, आणि दुधावरची साय गोळा व्हावी तसे आतोबांचे गाल, कपाळ सुरकुतलेले. विशीतला नवरदेव रात्रीत साठी गाठून बसला होता. मला हसू आवरेना. पण यांनी त्या दिवशी चहाला हातच लावला नाही. मग मलाही वाईट वाटलं.

दुपारी आत्याबाई चित्र न्यायला हजर. यांनी ते भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. घाईत बिघडलंय, खरवडून पुन्हा काढतो, पण मुहूर्ताला मिळायचं नाही, असं मान खाली घालून सांगितलं. आत्याबाईंनी स्वतःच चित्र वळवलं आणि जवळ जाऊन त्या सुरकुत्या न्याहाळल्या.

"खरवडू नगंस बाबा," त्या म्हणाल्या. "फोटूत बघितलं की नातू बघितल्यागत वाटायचं. आता कुठं माझ्या जोडीचं दिसाय लागल्यात."