विमानात एक माणूस जास्त

"वहिनी, परत एकदा तोला," मी म्हणालो.

गुळाच्या अडतीतून आणलेल्या काट्यावर तारावहिनींनी हळदीची पोती पुन्हा चढवली. आकडा तोच.

सांगलीबाहेरच्या माळावर आमच्या कंपनीचं मुंबईला जाणारं पहिलं विमान उभं होतं. कंपनी म्हणजे एकच कुटुंब. थोरले अण्णा आधी मोटारसर्व्हिस चालवायचे. धाकटा बापू लढाईत पायलट होता. अण्णांच्या पत्नी तारावहिनी तिकिटं आणि वजनं बघायच्या. मी रहिमतपूरचा, हवाई दलातून सुटलेला मेकॅनिक, त्यांचा ग्राउंड इंजिनियर. माझी सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही.

माणसं, सामान आणि पेट्रोल यांचं वजन ज्या कागदावर मांडतात, त्याला लोडशीट म्हणतात. त्यावर एका माणसाएवढा भार जास्त दिसत होता. सकाळच्या गारव्यात तो चालला असता. पण पाहुण्यांची भाषणं लांबली आणि दुपार झाली. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, विमानाला वर उठायला लांब धावावं लागतं. आमचा रनवे गवताचा आणि आखूड. टोकाला बाभळी.

"निघंल रं," बापू म्हणाला. "बर्मात ह्याच्यापेक्षा जास्त भरून उडवलंय."

"तिथं रनवे लांब व्हता, बापू. आन् हितं तिकीट काढलेली माणसं हायत."

पोती होती हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्याची. ते स्वतःही निघाले होते.

"नमुने आज संध्याकाळच्या आत मुंबईत दिसले, तर पुढचा सगळा माल तुमच्याच विमानानं जाईल," ते म्हणाले. "नाहीतर मी आपला रेल्वेनं पाठवतो."

अण्णांनी मला बाजूला घेतलं. गळ्यात हार, अंगात नवा कोट. विमान घ्यायचं म्हणून हा माणूस दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. स्वतः मात्र एकदाही उडाला नव्हता.

"सही करतोस का न्हाई?"

"न्हाई, अण्णा. पोती तरी उतरवा, न्हाईतर माणूस तरी."

"कुनाला उतरवू? समद्यांनी तिकिटं काढल्यात."

वहिनी लोडशीट घेऊन आल्या. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "आवं, ह्या एकाचं तिकीट न्हाई."

नाव अण्णांचंच होतं.

अण्णांनी गळ्यातला हार काढला. मग विमानात चढून आपली पिशवी घेऊन उतरले. "खोड ते," एवढंच म्हणाले. वहिनींनी नाव खोडलं, मी बेरीज नव्याने केली आणि सही केली.

बापूनं टेकऑफ घेतला. चाकं सुटता सुटेनात. सुटली तेव्हा बाभळी अगदी जवळ आल्या होत्या. विमान शेंड्यांवरून गेलं. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी तेव्हा काढला.

दुसऱ्या दिवशी विमान परत आलं. व्यापारी उतरले ते थेट माझ्याकडे.

"खिडकीतून बाभळीचे काटे मोजता आले असते," ते म्हणाले. "तुम्ही माणूस उतरवला नसता तर?"

"तर मोजायला तुमी ऱ्हायला नसता," मी म्हणालो.

हळद आमच्याकडेच आली. पुढे आणखी दोन विमानं आली, कऱ्हाडलाही आमचं विमान उतरू लागलं. अण्णांना जागा मिळाली ती दोन महिन्यांनी, रिकाम्या सीटवर. पूर्ण वेळ ते खिडकीला नाक लावून बसले होते.

नव्या मेकॅनिकांना मी एवढंच सांगायचो. लोडशीटवर वजनाचा रकाना असतो, हुद्द्याचा नसतो.