बांधातली वाट

आमच्या गावाचे दोन भाग होते. वर पेठ, खाली नदीकाठची आमची आळी. नदी फुगली की पाणी आधी आळीत शिरायचं, आणि आळीत सगळ्यात आधी माझ्या आत्याच्या घरात, कारण ते काठावरचं पहिलं घर. तिची मागची भिंत दोनदा पडली होती.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे सत्तरच्या दशकात एका वर्षी सरकारने नदीकाठी मातीचा बांध घालायचं कबूल केलं, तेव्हा पहिलं पत्रक मीच लिहिलं. वर जाड अक्षरांत मथळा : ‘बांध अखंड हवा!’ मला वाटत होतं, भांडण झालंच तर जमिनीवरून होईल, किंवा वर्गणीवरून.

सभा पेठेच्या चौकात भरली, रिसोड-शिरपूरच्या मोटारी जिथे थांबायच्या तिथेच. इंजिनिअर साहेब काठीने धुळीत रेघ ओढून म्हणाले, “बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पाहिजे. एका जागी उघडा राहिला तर सगळाच फुकट.” लोकांनी माना हलवल्या. मग आळीतला एक गवंडी उठला.

“साहेब, मंग आमच्या मयती कुठून जातीन?”

स्मशान नदीपलीकडे होतं. आळीतली माणसं घरामागच्या उतारावरून, पाण्यातून चालत मयत न्यायची. पूर असला तर पाणी ओसरेपर्यंत मयत घरातच ठेवायची. ही रीत इतकी जुनी होती की ती रीत आहे हेही मला कधी जाणवलं नव्हतं.

“पेठेतून न्या,” साहेब म्हणाले. “पुढे पूल आहेच.”

बांधासाठी सगळ्यात जास्त धावपळ केलेले पेठेतले एक धान्याचे अडते सावकाश उठले.

“पेठेतून? आमच्या दुकानापुढून तुमचं मढं?”

“तुमची मयत याच रस्त्यानं जाते ना!” मी ओरडले.

“आमची आमच्या दारापुढून जाते, बाई. तू पत्रकं वाट.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बांध नसला तं चालीन बाप्पा, पण बोहनीच्या वक्ताले मढं नको!” आणि लोक हसले. गेली दोन वर्षं बांधासाठी अर्ज करणारे लोक. पुराच्या वेळी आळीतली पोरं खांद्यावर बसवून वर आणणारे लोक.

मी आत्याकडे पाहिलं. ती बायकांत, माझंच पत्रक खाली घालून बसली होती. ती उठली तेव्हा मला वाटलं, आता ही यांना सोलून काढेल.

“साहेब, बांधात वाट ठेवा,” ती म्हणाली. “तिरडी जाईन एवढी. आमाले नाई जायचं याईच्या दारापुढून.”

“आत्या, पाणी तुझ्याच घरात येईल!”

“पाणी येते अन् जाते, पोरी. दर मयतीले याईच्या पाया कोण पडीन?”

वाट ठेवायचं ठरलं. पावसाळ्यात तिथे वाळूची पोती रचू, असंही ठरलं. साहेबांनी काठी खाली टाकली आणि पायाने धुळीतली रेघ पुसली.

दुसऱ्याच पावसाळ्यात नदीने ती पोती भुशासारखी ढकलली. बांधामुळे अडलेलं सगळं पाणी त्या एका तोंडातून आत आलं, पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं. आत्याचं घर मी पाहता पाहता बसलं. पाणी तिथे थांबलं नाही. पेठेच्या पायऱ्या चढून ते अडत्यांच्या गोदामात शिरलं.

आळी वरच्या शाळेत आली. पेठेने दारं उघडली, हे मी नाकारणार नाही. भाकरी आल्या, पिठलं आलं, घोंगड्या आल्या. अडते स्वतः भिजलेल्या धोतराने वाढत होते. आत्याच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना त्यांनीच हाताला धरून पायरी चढवली.

सासरे पहाटे शाळेच्या ओसरीतच वारले.

अडते आले, हात जोडले, डोळे पुसले. मग आत्याच्या नवऱ्याला हळूच म्हणाले, “पानी उतरू द्या. मंग खालूनच न्या.” पेठेतलं पाणी रात्रीतून उतरलं होतं, शाळेच्या फाटकापासून पुलापर्यंतचा रस्ता मोकळा होता. खाली छातीभर पाणी होतं.

मी काहीतरी ओरडणार, तेवढ्यात आत्या उठली. “उचला,” ती म्हणाली.

“कुठून?” नवऱ्याने विचारलं.

“रस्ता दिसून नाई राह्यला का तुमाले?”

बायकांनी मयतीबरोबर जायची पद्धत नव्हती. आत्या पुढे चालली, म्हणून मीही चालले. एकाही माणसाने आम्हाला अडवलं नाही. फक्त आम्ही पुढे सरकलो तशा दुकानांच्या फळ्या एकेक करत लागत गेल्या. रात्री ज्यांच्या घोंगड्या पांघरून आळीतली पोरं झोपली होती, त्यांच्याही.

हिवाळ्यात पुन्हा सभा झाली. तोच चौक, तेच साहेब. आत्या या वेळी कुणी विचारायच्या आधीच उठली. “बुजवा ते वाट. आमाले नाई लागत आता. आमी वरून जाऊ.”

साहेबांचा चेहरा खुलला. माझाही. आता भांडायला उरलं काय?

“वाट राहीन,” अडते म्हणाले.

“अहो, तुमचंच गोदाम भिजलं!” साहेब म्हणाले.

“माल भिजला तं वाळवता येते, साहेब. वाट बुजली तं हे रोज वरून येतीन.” ते लोकांकडे वळले. “वाट राहू द्या म्हणनाऱ्याईनं हात वर करा.”

हात वर झाले. ज्यांच्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं, त्या साऱ्यांचे. ज्या घरातून पिठलं आलं होतं, तिथलाही एक हात होता.

साहेबांनी कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं आणि मला हळूच विचारलं, “ही वाट कशासाठी ठेवायची, हे वर कळवावं लागेल. काय लिहू?”

माझी पिशवी पत्रकांनी भरलेली होती. मला एक ओळ सुचली नाही.