चाळीस खुंटांवरचे डोळे

बायको गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला घरापुढे मंडप टाकला होता. वंदना झाली, मग एक शिकलेला माणूस बोलायला उभा राहिला. म्हणाला, घरामागची संत्र्याची वाडी ह्या बाबांनी स्वतःच्या हातानं कलमं बांधून उभी केली आणि माउलीनं त्यांना जन्मभर साथ दिली. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. हलवून झाल्यावर कळलं मी काय केलं ते. ती समोर फोटोत होती. मी उठून खरं बोलायला पाहिजे होतं. उठलो नाही. म्हणून आता लिहितो. चौथी नापास माणसाचं लिहिणं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

छप्पनच्या दसऱ्याला मी नागपूरला गेलतो. पायी, मग मोटारीनं, मग रेल्वेनं. धम्म घेऊन आलो. घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. मायनं टोपली उचलू दिली, पण एक गोष्ट ती सोडायला तयार नव्हती. महिन्याच्या चार दिवसांत बायकोनं चुलीला, पाण्याला शिवायचं नाही, वळचणीला वेगळं बसायचं. मायचं म्हणणं, "देव नेले ते बरं केलं. पण बाईचं अंग तेच हाये ना?" मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मी त्यावर विचारच केला नाही.

आमचं गाव फुलसावंगीकडचं. दोन कोसांवर एका माळ्याची संत्र्याची बाग होती, तिथं मी कुदळीवर होतो. आळी करायची, निंदायचं, पाणी वळवायचं. मालक म्हातारा, गळ्यात माळ घातलेला, सुपारीसुद्धा खात नसे. पण त्याच्यासारखा कलम बांधणारा त्या भागात दुसरा नव्हता. संत्र्याची बी लावून चांगलं झाड होत नाही. आधी जंबेरी लावायची. जंबेरी म्हणजे काटेरी, आंबटढोण लिंबाचं झाड, पण मुळाला चिवट. ती बोटाएवढी जाड झाली की तिच्या सालीला आडवी-उभी चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट काढायचा, त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीनं, गुंडाळून बांधायचा. पानाचा देठ तेवढा बाहेर ठेवायचा. पंधरा दिवसांनी त्या देठाला बोट लावायचं. बोट लागताच गळून पडला, तर डोळ्यानं जीव धरला. चिकटून वाळला, तर डोळा मेला. खुंट जंबेरीचा, फळ संत्र्याचं.

मला ते शिकायचं होतं. कुदळीवर माझा बाप मेला, आजाही मेला असेल. कलम बांधणाऱ्याला लोक बोलावणं धाडतात, सावलीत बसवतात. मी मालकाला म्हटलं, "मालक, मले शिकवा."

मालक म्हणाला, "पाहून शीक. घरी चाळीस जंबेऱ्या लाव. दरसाल एकडाव काड्या देईन. चाळीसातले तीस धरले की माया बागेत कलमावर बसवीन. नाई धरले तर कुदळ हायेच."

वरून एक नेम सांगितला. बांधल्यापासून पंधरा दिवस विटाळशी बाई झाडाजवळ येता कामा नये. सावली पडली तरी डोळा करपतो.

काड्यांची मोळी त्यानं जमिनीवर ठेवली आणि मागे सरकला. मी ती उचलली. हातात हात लागू नये म्हणून तो असं करी. मला ते दर वेळी लागे. धम्म घेऊन आल्यावर तर जास्तच. घरी येऊन मी बायकोला सांगे, "आजही खालीच ठेवली." ती ऐकून घेई.

घरी मी लिंबाच्या डहाळीवर सराव करी. ती डहाळी धरून बसे आणि मी तिला सांगे, बोट असं, साल अशी, डोळा उलटा बसला तर गेला. ती डावखोरी. विळा, लाटणं, सुई, सगळं डाव्या हातानं. माय तिला त्यावरून बोले, मीही बोलत होतो.

पहिल्या हिवाळ्यात चाळीसही डोळे वाळले. ते मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एक जगला, एकोणचाळीस मेले. जगलेला पाहून मी गावभर सांगत सुटलो. मेलेल्यांचा दोष मात्र मी तिच्यावर टाकला. मालकानं सांगितलेला नेम मला आठवला, आणि त्या चार दिवसांत ती आपलं लुगडं धुवायला वाडीच्या कडेनं नदीवर गेली होती तेही आठवलं. मी तिला अंगणात उभं करून म्हटलं, "तुयाच सावलीनं मेले. पुढल्या डावाले तू त्या दिवसांत वाडीकडे तोंड केलं तर तुया भावाकडे नेऊन घालीन."

ती म्हणाली, "बरं."

तिसरा हिवाळा साठचा. मालकानं काड्या देताना सांगितलं, "हे शेवटचं बरं का गड्या. माया काड्या का सरपणाले हायेत?" जगलेल्याच्या बदली मी एक नवी जंबेरी लावून ठेवली होती. दिवसभर बसून चाळीस बांधले. उरलेल्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून विहिरीपाशी टाकल्या. त्याच संध्याकाळी ती वळचणीला बसली. मला बरं वाटलं, म्हणजे चार दिवस ती आपल्या जागी राहील. मी रोज पहाटे मालकाच्या बागेत, अंधार पडता परत. बांधलेल्याला पंधरा दिवस हात लावायचा नाही, म्हणून मी जवळही गेलो नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी गेलो. पहिल्या देठाला बोट लावलं. गळला. दुसऱ्याला लावलं, गळला. सहाव्या-सातव्या झाडापासून मी मोठ्यानं मोजायला लागलो. चाळीसातले छत्तीस. मी तसाच दोन कोस पळत गेलो आणि मालकाला घेऊन आलो.

मालक वाडीत आला. आमच्याकडचं पाणी तो पीत नव्हता, मीही विचारलं नाही. एकेक झाड वाकून पाहू लागला. पाच-सहा झाडं पाहिली आणि उभा राहिला.

"हे कोनं बांधले?"

"मीच बांधले, मालक."

"तू उजव्या हाताचा. तुये वेढे इकडून तिकडे जातात. हे सारे वेढे उलटे हायेत. अन खाली पाह्य, चिरेच्या खाली दुसरी चीर हाये. वरची चीर तुयी. ती काळी पडली."

मी वाकून पाहिलं. खरं होतं. जगलेल्या प्रत्येक खुंटावर वर माझी काळी पडलेली चीर आणि दोन बोटं खाली दुसरी, तिच्यावर उलटे वेढे; एक वेढा सोडून पाहिला तर डोळा हिरवागार. एवढे दिवस माझ्या घरामागे हे झालं आणि मला पत्ता नाही. मालक काहीतरी बोलत होता, ते ऐकू आलं नाही.

बायको मागच्या दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती.

"मी बांधले," ती म्हणाली.

मालक म्हणाला, "तू? कवा?"

"यायनं बांधले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तीन दिवस. यायचे डोळे काढले, अन विहिरीपाशी उरलेल्या काड्यांचे खाली बसवले. मले तवा चूल नोयती, पाणी नोयतं, कोनी बोलावत नोयतं. बाकी महिनाभर मले येवढा वेळ कोठं असते?"

मालकाला आधी उमगलं नाही. मग उमगलं. तो ज्या झाडाला हात लावून उभा होता, तो हात त्यानं काढून घेतला. धोतराला पुसला. आणि वाडीबाहेर गेला.

मी तिथंच खाली बसलो. राग यायला पाहिजे होता, पण तोही आला नाही. मला एवढंच दिसत होतं की मालक गेला आणि कलमाची जागाही गेली, ती पण हिच्या तोंडानं. गप्प राहिली असती तर माझं नाव झालं असतं.

"कायले सांगितलं?" मी म्हटलं. "मी म्हनतच होतो ना मी बांधले म्हनून."

ती जवळ येऊन बसली. माझा उजवा अंगठा धरला आणि माझ्याच डोळ्यासमोर आणला.

"हे पाहा. पांढरं दिसते? चुना हाये. दिवसभर तंबाखू घोटता, अन त्याच अंगठ्यानं डोळा दाबता. कोवळी साल हाये ती, पोळन नाई तर काय. मागल्या साली एक जगला ना? तो मीच बांधला होता. पाह्यचं होतं मले, माया हातानं मरते का जगते."

मालक तंबाखू खात नव्हता, त्यामुळे हात धू म्हणायचं त्याला कधी सुचलंच नसेल. आणि मी दोन वर्षं स्वतःच्या अंगठ्यानं डोळे जाळून दोष हिच्या सावलीला देत होतो.

मी म्हटलं, "मंग मलेच सांगाचं होतं. चुन्याचं."

"ऐकलं असतं तुमी?"

मी अंगठ्यावरचा चुना नखानं खरवडू लागलो.

मग ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. आवाज चढवला नाही, भाजी काय करायची विचारावं तशी बोलली. "मालक काड्या खाली ठेवतात, तवा घरी येऊन तुमी जेवत नाई. मी पाह्यते. अन मले तुमीच चार दिवस वळचणीले ठेवता. नागपूरले जाऊन आले तुमी. मी नाई गेलती. मले वाटलं तिथं हे सांगितलं असन."

मला कोणी कानाखाली मारलं असतं तर बरं झालं असतं. मी उठून विहिरीवर गेलो. हात धुतले. राखेनं घासले, पुन्हा धुतले. काय करून राहिलो ते मलाच कळत नव्हतं. त्या रात्री मायला मी सांगितलं की उद्यापासून ही चार दिवसही घरातच राहील. माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी बागेत कुदळीवर जात राहिलो. मालक माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं त्या हिवाळ्यात स्वतःची तीनशे रोपं बांधली होती. त्याची नजर अधू झाली होती, पण ते तो कबूल करत नव्हता. सारा नेम पाळला, बायकांना बांधाच्या अलीकडे येऊ दिलं नाही. निम्मे डोळे वाळले. एका सकाळी तो आमच्या दारापुढच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला.

"तुयी बायको येईन का?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, "तिलेच विचारा."

ती बाहेर आली. म्हणाली, "येईन. पण मालक, त्या चार दिवसांतही येईन. मंग म्हनाल, सांगितलं नोयतं."

मालकानं रस्त्याकडे तोंड केलं. म्हणाला, "मले त्यातलं काही सांगत जाऊ नको. तू ये म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी ती पुढे आणि मी मागे असे बागेत गेलो. ती रोपांच्या ओळीत फतकल मारून बसली. मालकानं मला हाक मारली, "कुदळ ठेव. तिले सोपटं भिजवून दे." मी सोपटं भिजवली. बाकीचे गडी निंदता निंदता हसत होते. एक म्हणाला, "पाहा बाप्पा, कलमवालीचा चेला." ती मान वर न करता म्हणाली, "चेला बरा हाये, पण हात धुवाले सांगा लागते." गडी आणखी हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी तिचा डावा हात पाहत होतो. सुरी सालीत गेली की नाही हे कळायच्या आत डोळा बसलेला असे. दोन हिवाळे मी हिला डहाळी धरायला लावून शिकवत होतो.

पुढे ती महागावपर्यंत, पार दिग्रसच्या बाजूलाही कलमं बांधायला गेली. तांड्यावरचे लोक बैलगाडी घेऊन न्यायला येत. मी सोबत जाई, काड्यांचं ओलं पोतं माझ्या खांद्यावर. लोक आधी मलाच कलमवाला समजत, रामराम मलाच करत. काही ठिकाणी मी सांगितलं, काही ठिकाणी नाही सांगितलं.

बागेतल्या त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी येताना तिनं मला विचारलं होतं, "कसे बांधले मी?"

मी म्हटलं, "ठीक हायेत."

यापेक्षा जास्त मी तिला जन्मात कधी बोललो नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.