हिरवी साडी

साडीच्या दुकानात विक्रेता एका बाईंना सांगत होता, “ताई, त्या जुन्या गाण्यात हिरॉईनने कॅमेरामनच्या बायकोची साडी नेसली होती. अश्शीच हिरवीगार!” मी शेजारीच उभा होतो.

ही थाप माझीच. सिनेमांची बारीकसारीक माहिती तोंडपाठ, म्हणून टीव्हीवाले मला बोलवू लागले. एकदा कॅमेऱ्यासमोर काहीच आठवेना, तेव्हा दिली ठोकून. आता ती खोटी आहे म्हणालो, तर माझं बाकीचं कोण खरं मानेल? खोटी गोष्ट एकदा खऱ्यांच्या पंगतीत बसली, की वाढणाऱ्यालाही ओळखू येत नाही.

“हो ना, सर?” मला ओळखून विक्रेत्याने विचारलं. मी मान डोलावली.

घरी येऊन घाईघाईने ते गाणं लावलं. सिनेमा कृष्णधवल आहे.

मला साडी हिरवी दिसली.